वाढदिवस नेमका कधी? अडचणीच्या तारखांचा हिशेब

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, "वाढदिवसावर कसलं व्याख्यान? केक कापायचा, फोटो काढायचा, झालं." प्रश्न बरोबर आहे. ज्यांची जन्मतारीख १२ ऑगस्ट किंवा ७ नोव्हेंबर अशी सरळ आहे, त्यांना यात बोलण्यासारखं काही वाटणार नाही. पण या सभागृहात २९ फेब्रुवारीला जन्मलेलं कुणी असेल, अधिक महिन्यात जन्मलेलं असेल, आणि कागदावर १ जून ही तारीख असलेले तर नक्कीच बरेच असतील. त्यांना विचारा. "तुमचा वाढदिवस कधी?" या प्रश्नाला ते एका शब्दात उत्तर देत नाहीत. आधी म्हणतात, "त्याचं काय आहे..." आणि मग गोष्ट सुरू होते. आज आपण त्या "त्याचं काय आहे"विषयी बोलणार आहोत.

सोयीसाठी अडचणीच्या तारखांचे तीन प्रकार करू. पहिला, तारीख दरवर्षी येते पण चुकीच्या वेळी येते. दुसरा, तारीख किंवा तिथी दरवर्षी येतच नाही. आणि तिसरा, तारीख मुळात माहीतच नाही. पहिल्या प्रकाराला आपण हसतो, दुसऱ्यात गणित आहे, आणि तिसऱ्यात आपली माणसं आहेत. त्याच क्रमाने जाऊ.

चुकीच्या वेळी येणारे वाढदिवस

शाळेत असताना मे महिन्यात वाढदिवस असलेल्या मुलांचं दुःख आठवून बघा. बाकीची मुलं त्या दिवशी गणवेशाऐवजी नवे कपडे घालून येतात, वर्गात गोळ्या वाटतात, बाई सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगतात. मे महिन्यातल्या मुलाला हे कधीच मिळत नाही. शाळेला सुट्टी, मित्र मामाच्या गावाला. मार्चमध्ये जन्मलेल्यांची दहावी-बारावीची दोन वर्षं हमखास परीक्षेत जातात. आषाढी एकादशीला वाढदिवस आला तर केकऐवजी साबुदाण्याची खिचडी. पितृपक्षात आला तर घरातली मोठी माणसं म्हणतात, "नवे कपडे आत्ता नकोत, घटस्थापनेला घेऊ." दिवाळीत आला तर फराळ, फटाके, नवे कपडे सगळं असतं, पण ते सगळ्यांनाच असतं. स्वतःचं म्हणून वेगळं काही उरत नाही.

यातली गंमत अशी, की एकादशी, पितृपक्ष आणि दिवाळी तिथीने चालतात आणि आपला वाढदिवस इंग्रजी तारखेने. म्हणजे ही टक्कर दरवर्षी होत नाही. दोन घड्याळं वेगवेगळ्या वेगाने चाललेली असावीत आणि त्यांचे काटे कधीतरी एकमेकांवर यावेत, तसं हे आहे. हे दोन घड्याळांचं प्रकरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या प्रकारावर उपाय सोपा असतो. शाळा सुरू झाल्यावर गोळ्या वाटायच्या, परीक्षा संपल्यावर केक कापायचा. दिवस पुढे ढकलला म्हणून कुणाचं वय कमी होत नाही. आपल्याकडे लग्न, मुंज, बारसं यांचे दिवस आपण सोयीने ठरवतोच. तेव्हा पहिला प्रकार इथेच सोडू.

चार वर्षांनी उगवणारा दिवस

आता २९ फेब्रुवारी. सूर्याभोवतीची एक फेरी पुरी करायला पृथ्वीला ३६५ दिवस पुरत नाहीत. साधारण ३६५.२४२२ दिवस लागतात, म्हणजे वर्षाला जवळजवळ पावणेसहा तास उरतात. चार वर्षांत त्यांचा एक दिवस होतो, तो आपण फेब्रुवारीला जोडतो. पण पावणेसहा म्हणजे पूर्ण सहा नव्हे, त्यामुळे दर चार वर्षांनी दिवस वाढवत गेलो तर वाढवणं जरा जास्तच होतं. म्हणून नियम असा केला, की शतकाचं वर्ष ४०० ने भागलं जात असेल तरच लीप. २००० हे लीप वर्ष होतं, १९०० नव्हतं, आणि २१०० नसणार आहे.

या नियमाचा फटका प्रत्यक्षात कसा बसतो ते मोरारजी देसाईंच्या उदाहरणावरून बघू. जुन्या मुंबई राज्याचे ते मुख्यमंत्री, आणि १९७७ ते १९७९ या काळात देशाचे पंतप्रधान. त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. चार वर्षांनी १९०० साल आलं, पण त्या वर्षी २९ फेब्रुवारी नव्हतीच. म्हणजे त्यांच्या आयुष्यातला पहिला २९ फेब्रुवारीचा वाढदिवस थेट १९०४ मध्ये, आठव्या वर्षी आला. १० एप्रिल १९९५ ला ते वारले तेव्हा वयाची ९९ वर्षं पुरी झाली होती, आणि २९ फेब्रुवारीचे वाढदिवस मोजले तर भरतात २३. शंभरावा २९ फेब्रुवारीलाच आला असता, कारण १९९६ लीप वर्ष होतं. तो साडेदहा महिन्यांनी हुकला.

चार वर्षांचे दिवस होतात १४६१, आणि त्यातला २९ फेब्रुवारी एकच. मग उरलेल्या तीन वर्षांत या लोकांनी वाढदिवस कधी करायचा? २८ फेब्रुवारीला की १ मार्चला? घरोघरी यावर वाद होतात. एक बाजू म्हणते, मूल फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी जन्मलं, तेव्हा फेब्रुवारीचा शेवटचा दिवस धरा. दुसरी म्हणते, २८ तारीख संपल्यानंतरच्या दिवशी जन्मलं, तेव्हा २८ नंतरचा दिवस धरा. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. कायद्यांचंही यावर एकमत नाही. हाँगकाँगच्या कायद्यात अशा व्यक्तीचं सज्ञान वय १ मार्चला पूर्ण होतं असं स्पष्ट लिहिलं आहे, तर तैवानमधल्या मोजणीने ते २८ फेब्रुवारीलाच पूर्ण होतं. आपल्याकडचा १८७५ चा सज्ञानता कायदा सांगतो, की जन्माचा दिवस पूर्ण धरायचा आणि अठराव्या वर्धापनदिनाच्या आरंभी माणूस सज्ञान झाला असं मानायचं. पण २९ फेब्रुवारीवाल्यांची गंमत बघा. अठराला चारने भाग जात नाही. त्यामुळे त्यांचा अठरावा वाढदिवस २९ फेब्रुवारीला कधी येतच नाही. एकविसावाही नाही. साठावा मात्र येतो. ज्या तारखेने लहानपणी हुलकावणी दिली, ती साठीशांतीला न चुकता हजर असते.

कायदा बाजूला ठेवून सूर्यालाच विचारलं तर? त्याचं उत्तर आहे: जन्म किती वाजता झाला ते सांगा. पहिल्या वाढदिवसाचंच बघू. २९ फेब्रुवारीपासून ३६५ दिवस मोजले की आपण २८ फेब्रुवारीवर येतो, आणि वर पावणेसहा तास शिल्लक राहतात. सकाळी दहाला जन्मलेल्या मुलाची सूर्याभोवतीची पहिली फेरी पुढच्या वर्षी २८ तारखेला दुपारी पावणेचारच्या सुमारास पुरी होते. रात्री अकराला जन्मलेल्याची ती १ मार्चच्या पहाटे पुरी होते. पहिल्या वर्षी सीमारेषा साधारण संध्याकाळी सहाला पडते, दुसऱ्या वर्षी दुपारी बाराच्या पुढे आणि तिसऱ्या वर्षी सकाळी साडेसहाच्या आसपास. म्हणजे एकाच मुलाचा वाढदिवस एका वर्षी २८ ला आणि दुसऱ्या वर्षी १ मार्चला यायला सूर्याची काही हरकत नाही. घरात वाद घालणाऱ्या आजी आणि आजोबा, दोघांनाही हे सांगून टाका. दोघंही खूश होतील.

तिथीने वाढदिवस

आता दुसरं घड्याळ. केक आणि मेणबत्त्या घरात येण्याच्या पुष्कळ आधी आपल्याकडे वाढदिवस तिथीने होत असे. सकाळी तेल-उटणं लावून आंघोळ, पाटाभोवती रांगोळी, निरांजन, सुपारी आणि सोन्याची अंगठी घेऊन औक्षण, डोक्यावर अक्षता. काही घरांत त्या दिवशी गूळ-तीळ घातलेलं दूध प्यायला देतात आणि दीर्घायुषी मार्कंडेयाचं स्मरण करतात. हे सगळं अजून अनेक घरांत चालतं. सकाळी तिथीने औक्षण आणि काही दिवसांनी तारखेने केक, असे दोन वाढदिवस होणारी मुलं आपण पाहिली आहेत.

चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे तिथी दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकते. असंच चालू राहिलं तर दिवाळी पावसाळ्यात येईल, म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून हिशेब सांभाळतात. उदाहरणादाखल दत्तजयंती घ्या. २०२३ मध्ये ती २६ डिसेंबरला होती, २०२४ मध्ये १४ डिसेंबरला, २०२५ मध्ये ४ डिसेंबरला. मागे सरकत जायचं आणि अधिक महिना आला की पुढे उडी मारायची, अशी तिथीची चाल असते. एकोणीस वर्षांत असे सात अधिक महिने येतात, आणि एकोणीस वर्षं झाली की दोन्ही घड्याळांचे काटे पुन्हा जवळजवळ जुळतात. तुमची जन्मतिथी आणि जन्मतारीख तुमच्या एकोणिसाव्या, अडतिसाव्या, सत्तावन्नाव्या वाढदिवसाला एखाद-दोन दिवसांच्या फरकाने एकत्र येते. घरी जाऊन जुन्या पंचांगात पडताळून बघा.

पण जो अधिक महिन्यातच जन्मला त्याने काय करायचं? २०२३ साली १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण होता. त्याआधीचा अधिक श्रावण होता २००४ मध्ये. अशा महिन्यात जन्मलेल्या बाळाने तोच महिना पुन्हा येण्याची वाट बघायची म्हटलं तर पहिल्या वाढदिवसाला मिसरूड फुटलेलं असेल. म्हणून रूढी अशी, की पुढच्या वर्षापासून नेहमीच्या श्रावणात, त्याच तिथीला वाढदिवस करायचा. अधिक महिना जावयाच्या अनारशांसाठी ठेवायचा, बाळाला नेहमीचा महिना द्यायचा. तिथीचा क्षय झाला, म्हणजे सूर्योदयाला ती तिथी कुठल्याच दिवशी नसली, तरी ज्या दिवसात ती काही वेळ होती तो दिवस धरतात. आपल्या पंचांगकर्त्यांनी इथे फार ताणून धरलेलं नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण तिच्यावरून घरोघरी घोटाळे झालेले आहेत. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि इंग्रजी तारीख मध्यरात्री. पहाटे तीनला जन्मलेल्या मुलाविषयी आजी म्हणते, "शुक्रवारचं आहे." दवाखान्याच्या कागदावर असतो शनिवार. आजी चुकलेली नसते. तिच्या दृष्टीने शनिवार अजून उजाडायचा होता.

हे नुसतं घरगुती प्रकरण नाही. शिवजयंती राज्य शासन १९ फेब्रुवारीला साजरी करतं आणि अनेक लोक फाल्गुन वद्य तृतीयेला. दोन्हींचा उगम एकाच दिवसात, शके १५५१ मधल्या. आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही जुन्या ज्युलियन कालगणनेतली आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १ मार्च १६३० ठरतो. म्हणजे एका दिवसाची तीन नावं झाली. इतकं समजलं तरी बऱ्याच वादांतली हवा कमी होते.

एक जूनची माणसं

इथपर्यंत आपण गृहीत धरलं होतं, की तारीख माहीत आहे. आता तिसरा प्रकार.

दरवर्षी १ जूनला आपल्या फोनवर वाढदिवसांची रांग लागते. काका, शेजारचे निवृत्त तलाठी, गावचे माजी सरपंच, जुन्या शाळेतले सर, सगळ्यांचा वाढदिवस १ जून. बाहेरच्या माणसाला वाटेल, महाराष्ट्रात या दिवशी काही विशेष योग असतो. तुम्हाला कारण ठाऊक आहे. खेड्यात जन्म घरी व्हायचे, सुईणीच्या हातून. नोंद व्हायची किंवा व्हायची नाही. मूल शाळेत घालायची वेळ आली की वडील त्याला घेऊन गुरुजींसमोर उभे राहायचे. गुरुजी विचारायचे, "जन्मतारीख?" वडील म्हणायचे, "पेरणीच्या दिवसांतला आहे." मग गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायला लावायचे. कान हाताला लागला की मूल शाळेत बसण्याइतकं मोठं झालं. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं. त्या दिवशी मुलाला पुरी सहा वर्षं झाली असं कागदावर दिसायला हवं, म्हणून सहा वर्षं वजा करून १ जून लिहिलं जायचं.

या गुरुजींना हसण्यात अर्थ नाही. तारीख मिळत नाही म्हणून त्यांनी मुलाला परत पाठवलं असतं, तर ते मूल गुरांमागे गेलं असतं. त्यांच्या त्या एका ओळीमुळे हजारो मुलं शाळेत बसली. दुसऱ्या देशांतही हे घडतं. अफगाणिस्तानासारख्या देशातून निर्वासित होऊन गेलेल्या कितीतरी लोकांच्या कागदांवर १ जानेवारी ही जन्मतारीख आहे, ती याच कारणाने.

पण ती ओळ पुढे आयुष्यभर सोबत येते. शाळा सोडल्याचा दाखला, मग नोकरीचं सेवापुस्तक, मग आधार आणि पासपोर्ट. शासकीय नोकरीत निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते, पण ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली असते तो आधीच्या महिन्याच्या शेवटी निवृत्त होतो. म्हणून १ जूनची माणसं ३१ मे रोजी निवृत्त होतात. दरवर्षी त्या दिवशी राज्यभरातल्या कचेऱ्यांत आणि शाळांत एकदम इतके निरोप समारंभ का होतात, त्याचं एक मोठं कारण कधीतरी शाळेच्या रजिस्टरात लिहिलेली ती ओळ आहे.

ताईची तारीख

आता थोडं घरचं सांगतो. आमची थोरली बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कागदावर १ जून १९६८. शाळेतली मंडळी १ जूनला तिला शुभेच्छा द्यायची आणि ती हसून म्हणायची, "अहो, हा माझा नाही, हा गुरुजींचा वाढदिवस." खरी तारीख तिला माहीत नव्हती. काही वर्षांपूर्वी आम्ही आईला नीट बसवून विचारलं. "तारीख आठवते का?" म्हटल्यावर आई म्हणाली, "आम्हाला कुठल्या तारखा?" मग प्रश्न बदलला. "तेव्हा गावात काय चाललं होतं?" यावर ती ताबडतोब म्हणाली, "भूकंप झाला ना त्याच आठवड्यात. घरात झोपायला माणसं भ्यायची. थंडीत अंगणात झोपलो होतो. शनिवार होता. देवळात दत्ताचा पाळणा म्हणत होते, आणि इकडे ही झाली. दिवेलागणीला."

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, तेव्हा भूकंप म्हणजे कोयनेचा. तो झाला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, त्या दिवशी सोमवार होता. त्याच आठवड्यातला शनिवार येतो १६ डिसेंबरला. दत्ताचा पाळणा म्हणजे दत्तजयंती, मार्गशीर्ष पौर्णिमा. त्या वर्षीचं पंचांग काढून पाहिलं तर १६ डिसेंबरला संध्याकाळी पौर्णिमाच होती. तीन वेगवेगळ्या आठवणी, आणि तिन्ही एकाच दिवशी येऊन थांबल्या.

गुरुजींनी ताईला साडेपाच महिन्यांनी लहान केलं होतं. कागदाप्रमाणे अठ्ठावन्नाव्या वर्षीची तिची निवृत्ती ३१ मे २०२६ ची. खऱ्या तारखेने ती ३१ डिसेंबर २०२५ लाच आली असती. म्हणजे गुरुजींनी तिला पाच महिन्यांचा पगार मिळवून दिला. सगळ्यांनाच असा फायदा होत नाही. कित्येकांना त्या ओळीने वर्षा-दोन वर्षांनी मोठं केलं आणि तेवढ्या आधी घरी बसवलं.

पण त्या दिवशी ताई पगाराचं काही बोलली नाही. ती आईकडे बघत होती. आई दरवर्षी दत्तजयंतीला संध्याकाळी तिला ओवाळायची. लग्न होऊन गेल्यावरही त्या दिवशी ताई माहेरी असली तर ओवाळायची, नसली तर तिच्या नावाने देवापुढे एक वाटी शिरा ठेवायची. आम्हाला वाटायचं, थोरली लेक, दत्ताच्या दिवशी ओवाळत असेल. आम्ही कुणीच विचारलं नव्हतं, आणि आईला सांगण्यासारखं त्यात काही वाटलं नव्हतं. ताईचा वाढदिवस घरात पहिल्यापासून होत होता. तो वाढदिवस आहे, एवढंच आम्हाला माहीत नव्हतं.

तारीख कशी शोधायची

ज्यांच्या घरात १ जूनची माणसं आहेत, त्यांनी ही पद्धत वापरून बघावी. "तारीख कोणती?" असं विचारू नका. सण विचारा, वार विचारा, पीक विचारा, पाऊस होता का ते विचारा, घरात त्या वर्षी कुणाचं लग्न किंवा मयत झालं ते विचारा. मग मोठ्या घटना एकेक करून समोर ठेवा. गांधीजींची हत्या, ३० जानेवारी १९४८. महाराष्ट्र राज्याची स्थापना, १ मे १९६०. पानशेतचं धरण फुटलं, १२ जुलै १९६१. नेहरू गेले, २७ मे १९६४. कोयना, १९६७. बहात्तरचा दुष्काळ. १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण, ज्या दिवशी लोक घराबाहेर पडत नव्हते. इंदिरा गांधींची हत्या, ३१ ऑक्टोबर १९८४. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. "त्याच्या आधी की नंतर? तेव्हा मूल पोटात होतं की मांडीवर?" असं विचारत गेलं की वर्ष सापडतं, मग महिना. तिथी आणि वार दोन्ही मिळाले तर जुन्या पंचांगावरून तारीख पक्की करता येते, कारण एका वर्षात ती तिथी त्याच वाराला पुन्हा येत नाही. नुसता सण कळला तरी पुष्कळ झालं. वाराच्या बाबतीत ती पहाटेची अडचण ध्यानात ठेवा. आणि एकाच्या आठवणीवर थांबू नका. मावशीला विचारा, शेजारच्या आजींना विचारा. ज्यांच्या घरात त्याच सुमाराला मूल झालं, त्यांना बरोबर आठवतं.

सापडलेली तारीख कागदावर चढवायला मात्र धावू नका. सेवापुस्तकातली जन्मतारीख बदलण्याची मुभा नोकरीच्या सुरुवातीच्या काळातच असते, आणि निवृत्ती जवळ आल्यावर केलेल्या अशा मागण्या न्यायालयंही सहसा मान्य करत नाहीत. कागदावरची तारीख कागदाला राहू द्या. घरातली तारीख घरासाठी आहे. आता १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा झाला आहे. पुढच्या पिढीत १ जूनची माणसं फारशी नसतील. म्हणूनच, जी आहेत त्यांची गोष्ट त्यांच्या आया-मावश्यांना विचारून घेण्याची वेळ हीच आहे. पंचांग उद्याही मिळेल. अंगणात झोपल्याची आठवण ज्या बाईला आहे, ती उद्या आठवेलच असं नाही.

आमच्या घरात हे आम्हाला दुसऱ्या बाजूनेही कळलं. ताईची तारीख सापडल्यावर उत्साहाने आम्ही आईला विचारलं, "आणि तुझी?" आई म्हणाली, "भात काढणीचे दिवस होते, एवढं माझी आई सांगायची." कुठलं वर्ष? माहीत नाही. वार? माहीत नाही. आमच्या चारही भावंडांचे जन्म जिला वार-तिथीसकट पाठ, तिचा जन्म आठवणारं आता कुणी उरलं नाही. आजी गेली, मोठी मावशी गेली. आधारवर आईचं नुसतं वर्ष आहे, तेही कुणीतरी अंदाजाने घातलेलं. तीस वर्षांपूर्वी आजी होती. विचारायचं राहिलं.

मग काय केलं? आम्ही म्हटलं, "तूच सांग, तुझा कधी करायचा?" तिने थोडा विचार केला. "भात काढणी म्हणजे दिवाळीच्या मागंपुढं. भाऊबीजेला सगळे येताच, तेव्हाच ओवाळा. वेगळं यायला नको कुणाला." मघाशी आपण दिवाळीत वाढदिवस येणाऱ्या मुलांची कीव केली, आठवतंय? आईने मुद्दाम तोच दिवस निवडला. आता भाऊबीजेला भावांना ओवाळून झालं की ताट तसंच ठेवतात, पाटावर आईला बसवतात, आणि ताई तिला ओवाळते.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, "तुम्ही झालात तेव्हा गावात काय चाललं होतं?" मग जे ऐकाल ते तारीख-वारासकट एका वहीत लिहून ठेवा.